एक पूर्णांक तीन

पिट्सबर्गात, मरे अ‍ॅव्हेन्यूला,
बेगलच्या दुकानावर कोवाल्चिक बाईंचं ऑफिस.
खालून भाजक्या कांद्याचा वास येत राहतो
आणि वर आम्ही संसार वजा करत बसतो.

घर झालं. गाडी झाली.
पितळी समई माझी, हे त्याने आपणहून सांगितलं,
इडलीचा ग्राइंडर त्याचा, हे मी.
मग यादीतली शेवटची ओळ:
विमानाचे पॉइंट्स, तीन लाख अठरा हजार सहाशे चाळीस.
कोवाल्चिक बाई चष्मा कपाळावर सरकवतात.
"ह्याचे डॉलर किती?"

हेरंब सावरून बसतो. हा त्याचा प्रांत.
टोस्टर घेतला तर पॉइंटला अर्धा सेंटही पडत नाही,
साधं तिकीट काढलं तर एक,
आणि टोकियोला जाताना
पाय पसरून झोपायची सीट मिळाली
तर चार. कधी पाचसुद्धा.
"ती सीट आपण पैसे मोजून घेतली असती का?"
"नसती."
"मग पाच कसे?"
तो गप्प. मीही.
ह्या वादाच्या पुढच्या ओळी दोघांना पाठ आहेत.

मिळवले कुणी, हाही प्रश्न निघतोच.
दर सोमवारी पहाटे साडेचारला तो शार्लटला निघायचा,
आणि मी झोपेतच सरकून
त्याच्या बाजूची ऊब बळकवायची.
पण दुसरं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.
सुहिताच्या दातांच्या तारा, बर्फातले टायर,
वीस पौंडी कणकेची पोती,
डॉलरला एक, डॉलरला एक.
त्याने ते आभाळातून आणले,
मी पिशव्यांतून.

एकदा कंपनीने रातोरात दर बदलले.
सकाळी आकडा तेवढाच होता,
फक्त त्यात आता मुंबई मावत नव्हती.
हेरंब दिवसभर आंघोळ न करता बसून होता.
मी हसले.
तेव्हा हसायला नको होतं.

आणि ते बाबांचं बायपास.
"आज गेलीस तर दुप्पट लागतील," तो म्हणाला,
"गुरुवारी निम्म्यात सीट आहे.
ऑपरेशन तर उरकलंय, डॉक्टर आहेत तिथे."
मी थांबले.
तीन रात्री जिन्याच्या सातव्या पायरीवर,
कारण फोनला रेंज तिथेच यायची.
शनिवारी सांगलीत पोचले
तर बाबा उशीला टेकून सीताफळ खात होते.
बी तळहातावर काढत म्हणाले,
"एवढी घाई कशाला केलीस?"

हे मी हेरंबला कधीच सांगितलं नाही.
त्याचं गणित बरोबर आलं होतं.
ती सातवी पायरी कुठल्या रकान्यात लिहायची
ते मला आजही ठरवता येत नाही,
आणि कोवाल्चिक बाई तासाचे पैसे घेतात.

"एक आकडा सांगा," त्या म्हणतात. "कुणीही."

"एक पूर्णांक तीन."

दोघांच्या तोंडून एकदम. तेही मराठीत.
दीड वर्षात पहिल्यांदाच जुळलं,
अगदी दशांश चिन्हापर्यंत.
कोवाल्चिक बाईंची पेन्सिल अधांतरी;
त्या एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे,
आणि आम्ही दोघंही जरा वेळ
भाषांतर करून देत नाही.

चार हजार एकशे बेचाळीस डॉलर, बत्तीस सेंट.
भागिले दोन.
सही इथे, इथे, आणि मागच्या पानावर.

खाली फुटपाथवर भुरभुर बर्फ.
त्याला रात्री फीनिक्सला परतायचं आहे.
"कुठल्या कंपनीने?" मी सवयीने विचारते.
तो बुटांकडे बघतो.
"ती पिवळी. स्वस्तातली.
पॉइंट्स देत नाहीत ते."

मीटरमध्ये अजून अकरा मिनिटं शिल्लक होती.
मी गाडी काढली.